नांदेड ते आदिलाबाद, चाळीस मिनिटं

दिवाळीत नांदेडला घरी गेलो होतो. माझा अकरा वर्षांचा भाचा फोन घेऊन बसला होता. दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि उड्डाणाची वेळ सांगणारी एक वेबसाईट त्याला सापडली होती. त्याने आमचं मूळ गाव टाकलं आणि ओरडला, "मामा, आदिलाबाद फक्त 140 किलोमीटर! चाळीस मिनिटं! मग आपण तिकडे जात का नाही?"

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मी त्याला गणित समजावलं. पृथ्वी गोल धरून दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर काढायचं, ताशी 800 किलोमीटर वेग धरायचा, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. झाली चाळीस मिनिटं. अशा हिशेबात विमान खरंच आहे का, हे कोणी विचारत नाही. 'उडान' योजनेतली पहिली विमानं 27 एप्रिल 2017 ला निघाली, त्यांत नांदेड-हैदराबाद होतं. आदिलाबादला मात्र निजामाच्या काळातली जुनी धावपट्टी आहे, ती वायुसेनेच्या ताब्यात. तिथून नागरी विमानं चालवायला संमती मिळाल्याची बातमी आली ती 2025 मध्ये. उद्या दोन्हीकडे विमानं सुरू झाली, तरी ती बहुतेक हैदराबादलाच जातील. म्हणजे नांदेडहून आधी हैदराबाद, मग परत वर आदिलाबाद. 140 च्या जागी 500 किलोमीटरच्या वर!

भाचा हसला. मला मात्र 2012 चा जुलै आठवत होता. मी बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, सुट्टीत घरी आलो होतो. सकाळी सहाला काकांचा फोन आला, आजीचं काही खरं नाही, लगेच निघा. बाबा आणि मी एसटीने भोकरमार्गे भैंशाला गेलो. तिथे निर्मलची बस तासभर आलीच नाही. निर्मलला पुन्हा बस बदलली. घाटात पाऊस. दुपारी एकला पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आजी दहालाच गेली होती.

इतकी वर्षं मी त्या बसला दोष देत आलो. त्या दिवशीही बोलून गेलो, "तेव्हा विमान असतं तर बाबा पोचले असते."

बाबांनी पेपर घडी करून ठेवला. "त्या उन्हाळ्यात ती तीनदा म्हणाली होती, येऊन जा. मी म्हणालो, ऑफिसात ऑडिट आहे, पावसाळ्यात येतो. बस तेव्हाही होती रे."

कोणी काही बोललं नाही. मग भाच्याने विचारलं, "आबा, उद्या जायचं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गाडी काढली. निर्मलला चहा झाला, घाटात भाच्याने माकडं मोजली. साडेअकराला काकांच्या दारात होतो. काकू दार उघडून नुसत्या बघतच राहिल्या.

बाबा आधी देवघरात गेले. आजीचा फोटो तिथेच आहे.

परतताना भाच्याने वहीत लिहिलं: नांदेड ते आदिलाबाद, साडेचार तास, चहासकट. हा आकडा मला बरोबर वाटतो.