किंचित जड

उघडणाऱ्या पुलाच्या पोटात पहिल्यांदा उतरणाऱ्या माणसाची हमखास निराशा होते. वर अख्खा रस्ता कठडे, फुटपाथ, दिव्यांच्या खांबांसकट उभा राहिलेला असतो. म्हणजे खाली काहीतरी अक्राळविक्राळ धडधडत असणार, अशा समजुतीनं मंडळी शिडी उतरतात आणि समोर दिसते एक कमरेइतकी मोटर. माझा भाचा शिकागोला आला तेव्हा त्याला मिशिगन अव्हेन्यूच्या पुलाच्या बुरुजातलं संग्रहालय दाखवायला नेलं होतं. १९२० साली उघडलेला हा पूल. त्याचं एकेक पान, म्हणजे वर उचलला जाणारा एकेक भाग, तीन हजार टनांच्या वर, आणि मोटारी शंभर हॉर्सपॉवरच्या आसपासच्या. "मामा, एवढ्याच?" त्यानं दोनदा विचारलं. मी म्हटलं, "त्यासुद्धा वाऱ्यासाठी. नुसत्या पुलाला एवढ्याही लागत नाहीत."

ही थट्टा नव्हती. माझ्या धंद्यात, म्हणजे उघडणाऱ्या पुलांची यंत्रणा आखणं, तपासणं, दुरुस्त करणं यात, वजन उचलायची वेळच येऊ द्यायची नसते. कोकणात माझ्या आजोळी विहिरीवर लाट होती. आडव्या लाकडाच्या एका टोकाला पाण्याचं भांडं, दुसऱ्या टोकाला बांधलेला धोंडा. बास्क्यूल पूल त्या लाटेचाच वंशज. पुढे नदीवर पसरलेलं लांब पान, मागे आखूड शेपूट, त्या शेपटीत काँक्रीट आणि लोखंड ठासून भरलेलं काउंटरवेट, आणि मधे आस. ही आस म्हणजे ट्रनियन, हातभर जाडीचे पोलादी दंड, त्यांच्यावर सगळं तोललेलं. उरतं ते बेअरिंगमधलं घर्षण, पान हलतं करायला लागणारा जोर आणि वारा. यातला वारा सगळ्यात वाईट. मिटलेल्या पुलाला त्याचं फारसं काही वाटत नाही, पण ऐंशी अंशांवर उभं केलेलं पान म्हणजे नुसतं शीड. मोटर किती मोठी घ्यायची आणि ब्रेक किती दाबाचे लावायचे हे बहुतेक वेळा वारा ठरवतो.

एका बाबतीत मात्र लाट आणि पूल उलटे आहेत. लाटेत मागचा धोंडा जड ठेवतात. रिकामं भांडं खाली ओढताना माणसाचं अंगचं वजन कामी येतं आणि भरलेलं भांडं धोंडा वर आणतो. पुलात जड ठेवायचं ते पुढचं टोक. ब्रेक नादुरुस्त झाला, वीज गेली, एखादा दात तुटला, तरी पानानं खालीच बसून राहिलं पाहिजे, कारण त्यावरून बस जाते आहे. हजार टनांच्या पानाला टोकाशी एक-दोन टनांचा जडपणा पुरतो. त्याहून कमी असेल तर गाड्या गेल्या की पान आपल्या बैठकीवर थाडथाड आपटतं. जास्त असेल तर प्रत्येक वेळी उघडताना मोटर आणि गिअर फुकटचे राबतात. तराजूचा काटा बरोबर मधोमध आणणं सोपं आहे. तो मुद्दाम एवढासाच एका बाजूला झुकवायचा आणि वर्षानुवर्षं तसाच ठेवायचा, यात आमची अर्धी अक्कल खर्च होते.

शिवाय हा झुकाव पान उचलताना बदलत जातो. सगळ्या वजनाचा मध्य आसेच्या नेमका समोर असेल, तर पान जसजसं उभं होतं तसतसा त्याचा भार कमी होत जातो आणि काटकोनात शून्य होतो. मध्य आसेच्या थोडा वर असेल, तर तो शून्यावर आधीच पोहोचतो आणि पुढे मागची बाजू जड होते. यावर आमच्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, पान कुठल्याही कोनात पुढेच जड हवं. दुसऱ्याला ते शेवटच्या काही अंशांत मागे कललेलं चालतं, म्हणजे पूर्ण उघडलेलं पान आपण होऊन उघडं राहतं. मी दुसऱ्या तटातला. भार शून्य ओलांडतो तेव्हा गिअरच्या दातांतली फट एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते आणि 'टक्' असा आवाज येतो. पहिल्या तटाच्या लोकांना तो सहन होत नाही. मला होतो, हळू चालवलं असेल तर.

हा जडपणा मोजायची रीत मला या धंद्यातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. तीन हजार टनांचं पान कुठल्या काट्यावर ठेवणार? ते वजन न करताच मोजायचं. पानाच्या पोटाला एक वक्र दातेरी पट्टी असते, तिला रॅक म्हणतात. तिच्यात एक पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, फिरतो आणि त्या पिनियनचा दंड पानाचं सगळं गाऱ्हाणं ऐकत असतो. दंडावरचं ग्रीस आणि रंग काढायचा, पॉलिश पेपरनं घासून पोलाद चकचकीत करायचं, सॉल्व्हंटनं पुसायचं आणि नखाएवढे स्ट्रेन गेज पंचेचाळीस अंशांत चिकटवायचे. दंडाला पीळ पडला की गेजमधली तार केसाच्या अंशाइतकी ताणली जाते. शेजारी बॅटरी आणि छोटा ट्रान्समीटर टेपनं गुंडाळायचा; वायर चालत नाही, दंडाबरोबर गुंडाळली जाते. मग वारा पडलेली सकाळ गाठायची आणि पूल एकदा पूर्ण उघडायचा, एकदा पूर्ण मिटायचा.

लॅपटॉपवर दोन रेघा उमटतात, उघडतानाची वर आणि मिटतानाची खाली. उघडताना मोटर पानाचा जडपणा आणि घर्षण दोन्हींशी झगडते. मिटताना जडपणा मदतीला येतो, घर्षण विरोधातच राहतं. त्यामुळे दोन रेघांच्या बरोबर मधून जाणारी रेघ म्हणजे निव्वळ जडपणा, आणि दोघींमधल्या अंतराचं अर्धं म्हणजे घर्षण. मधली रेघ एखाद्या सावकाश उताराच्या टेकडीसारखी खाली येत गेली की समजावं, प्रकृती ठीक आहे. अंतर एका ठिकाणी फुगलं असेल तर तिथे बेअरिंगला तेल पोहोचत नाही. डाव्या दंडाची रेघ उजव्याच्या दुप्पट उंच असेल तर एकच बाजू ओझं वाहते आहे. मला वाऱ्याच्या दिवशीची रेघही बघायला आवडते. ती सबंध थरथरत असते, तिच्यातून वजन काढणं अवघड, पण वारा काय करतो ते तिच्यात नागडं दिसतं.

हिशेब चुकलेला निघाला की काउंटरवेटवर चढायचं. त्यात मुद्दाम मोकळे ठेवलेले कप्पे असतात आणि त्या कप्प्यांत दोन माणसांनी उचलावेत असे ठोकळे. ते काढायचे, घालायचे, पुढचे मागे करायचे. कागदावर हे फार सोपं दिसतं. प्रत्यक्षात कप्प्यांत पाणी असतं. झाकण हललेलं, पावसाचं पाणी आत गेलेलं, आणि निचऱ्याचं भोक कबुतरांच्या विष्ठेनं गच्च बसलेलं. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, आणि तेसुद्धा पान उचललं की कप्प्यातल्या कप्प्यात सरकणारं. एखाद्या पुलाचा तोल दर पावसाळ्यात बिघडतो आणि उन्हाळ्यात आपोआप सुधारतो अशी तक्रार आली, तर मी आधी लांब सळई मागवतो, कॅल्क्युलेटर नंतर.

पूल बांधून झाला की त्याचं वजन ठरलं, असं बांधकाम खात्यांत बसलेल्या भल्याभल्यांना वाटतं. ते कधीच ठरत नाही. जुन्या रंगावर नवा रंग चढतो, डांबराचा आणखी एक थर पडतो, बर्फ साचतं, फुटपाथच्या कडेनं कोणाच्या तरी केबल जातात. सायकलवाल्यांची जाळीदार पोलादी रस्त्याबद्दल तक्रार असते आणि ती रास्त आहे. पावसात तो निसरडा होतो आणि गाड्यांखाली घुमतो. पण ती जाळी तिथे वजन कमी राहावं म्हणूनच घातलेली असते. तिच्या जागी भरीव रस्ता केला तर टोकाकडच्या प्रत्येक किलोसाठी मागच्या आखूड शेपटीत तीन-चार किलो घालावे लागतात, आणि ते सगळे मिळून ट्रनियनवर बसतात. म्हणून पुलावर काहीही चढवणाऱ्या किंवा उतरवणाऱ्या कंत्राटदाराकडून मी वजनाची पावती मागतो. पत्र्यावरचा खरवडलेला रंगसुद्धा पोत्यात भरून तोलायला लावतो. यावरून भांडणं होतात.

ही भांडणं मी का करतो ते सांगायला मिशिगन अव्हेन्यूचाच पूल पुरेसा आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये त्याची मोठी दुरुस्ती चालली होती. एका पानावरचा रस्ता काढलेला, म्हणजे पुढची बाजू हलकी झालेली आणि मागचं काउंटरवेट मात्र होतं तेवढंच. ते पान अचानक उसळून उघडलं. क्रेन कोसळली, माणसं जखमी झाली. मोटर चालू करायची गरजच पडली नाही. सत्तरहून जास्त वर्षं दाबून ठेवलेल्या त्या वजनानं आपलं काम स्वतः केलं. आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना मी ही घटना पहिल्याच आठवड्यात सांगतो.

शिकागोलाच हे सगळं इतकं का पिकलं, याचं कारण नदी अरुंद आणि बोटी फार. आधी तिथे फिरणारे पूल होते, नदीच्या मधोमध खांब आणि त्यावर आडवा वळणारा पूल. तो खांबच बोटींना नडायचा. १८९४ साली वॉडेल या इंजिनिअरांनी साउथ हॉल्स्टेड स्ट्रीटवर दोन मनोऱ्यांमधून सरळ वर जाणारा पूल बांधला. १८९५ मध्ये व्हॅन ब्यूरन स्ट्रीटवर शेर्झर यांच्या पद्धतीचा लोळणारा पूल आला; स्वतः विल्यम शेर्झर १८९३ मध्येच वारले होते, धंदा भावानं पुढे नेला. १९०२ मध्ये कॉर्टलँड स्ट्रीटवर शहराच्या इंजिनिअरांनी ट्रनियनचा पूल उभा केला आणि मग तेच शिकागोचं घराणं झालं. पुढे गोल्डन गेटमुळे नाव कमावलेले जोसेफ स्ट्रॉसही मूळचे याच धंद्यातले. महागड्या लोखंडाऐवजी काँक्रीटचं काउंटरवेट वापरायचं वेड त्यांचं. काँक्रीट जागा फार खातं, म्हणून त्यांचे काही पूल डोक्यावर भलामोठा ठोकळा घेऊन उभे असतात. दिसायला ओबडधोबड, पण तपासायला सोपे. नदीच्या पातळीखालच्या ओल्या खड्ड्यात उतरावं लागत नाही.

शेर्झरचा पूल आपल्याकडच्या लोकांना नावानं नसला तरी रूपानं माहीत आहे, कारण तो पांबनला होता. रामेश्वरम बेटाकडे जाणारा हा रेल्वेपूल १९१४ साली सुरू झाला. त्याच्या मधल्या दोन पानांना ट्रनियन नव्हता. पानाची मागची बाजू गोल कापलेली, आणि पान उघडताना ती झुलत्या खुर्चीसारखी मागे लोळायची. फायदा असा की पान वर जाताना मागेही सरकतं, त्यामुळे कमी कोनात जहाजाला जास्त वाट मिळते आणि घर्षण जवळजवळ नसतं. इतकं नसतं की पांबनची पानं शेवटपर्यंत माणसांनी हातानं उघडली. मोठ्या मोटारीची अपेक्षा करणाऱ्यांना मी आता शिकागोऐवजी हेच उदाहरण देतो.

तोटा मात्र लोळण्यातच आहे. सगळं वजन एका रेषेवर टेकतं, आणि ती रेषा खांबावर मागे-पुढे फिरते. खालच्या पोलादी पट्ट्या हळूहळू लाटल्या जातात, त्यांच्या कडा उचलल्या जातात, बोल्ट तुटतात. त्यात पांबनची हवा, जिथे मीठ पोलादाला शांत बसू देत नाही. वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की गाड्या थांबवायच्या, असा तिथला दंडक होता. डिसेंबर १९६४ च्या वादळानं पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर गिळली आणि पुलाचे कितीतरी गर्डर समुद्रात गेले, पण शेर्झरचा मधला भाग उभा राहिला. रेल्वेचे इंजिनिअर ई. श्रीधरन यांनी ४६ दिवसांत पूल पुन्हा चालू केला. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरची वाहतूक बंद झाली.

६ एप्रिल २०२५ ला शेजारीच उघडलेला नवा पूल वॉडेल यांच्या वंशातला आहे. ७२.५ मीटर लांबीचा, ६६० टनांचा मधला गाळा जसाच्या तसा आडवा राहून १७ मीटर वर जातो. जुन्या पुलावर जीव असूनही मला हा निर्णय पटतो. रेल्वेला दोन पानांमधला सांधा कधीच मनापासून आवडत नाही. गाळा अखंड असला की रूळ अखंड, आणि उघड्या पानाला समुद्राच्या वाऱ्यात उभंही राहावं लागत नाही. इथेही काउंटरवेट आहेच, मनोऱ्यांत लटकलेलं, आणि इथेही मोटारींना गाळ्याचं वजन उचलावं लागत नाही.

पण अशा पुलाचं दुखणं वेगळं. भार अनेक पोलादी दोरांवर वाटलेला असतो आणि तो सारखा वाटलेला असेलच याची खात्री नसते. एकाच कोपऱ्यातल्या दोरांपैकी एक सैल असेल तर बाकीचे त्याचं ओझं मुकाट्यानं वाहतात आणि आधी मरतात. अमेरिकेतल्या अशा पुलांवर आम्ही ते तपासतो तेव्हा महागडं काही लागत नाही. मनोऱ्यावर चढायचं, दोराला हातानं एक झटका द्यायचा आणि त्यानं उठलेली लाट दोराच्या टोकाला आपटून किती वेळात परत येते ते स्टॉपवॉचवर धरायचं. दोन दोरांची लांबी-जाडी एकच असून एकाची लाट उशिरा आली तर तो सैल. मग त्याच्या टोकाशी पातळ पोलादी चकत्या घालून तो घट्ट करायचा, पुन्हा झटका द्यायचा. नवे दोर ताणाखाली लांबत जातात, त्यामुळे पूल नवाकोरा असतानाच हे काम लवकर लवकर करावं लागतं. जुन्या दोरांचे हट्ट एकदा कळले की मग निवांतपणे केलं तरी चालतं.