आधी धपाटा, मग हळद

शाळेत पडून आलं की आमच्या घरी आधी धपाटा मिळायचा, मग हळद. हा क्रम कधी चुकला नाही. "डोळे काय कपाळाला गेले होते?" हे माईचं, म्हणजे आजीचं, ठरलेलं वाक्य. गुडघा ज्याचा फुटला, चूक त्याची. त्यात शाळेचा काय संबंध? शाळेत जाऊन मास्तरांना काही विचारायचं असतं, हे 1970 च्या दशकातल्या मिरजेत आमच्या घरी कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आम्ही सख्खी-चुलत मिळून आठ भावंडं एकाच शाळेत, त्यामुळे एकमेकांच्या जखमा झाकणं हा आमचा घरगुती धर्मच होता.

जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ताईचा दवाखाना चाले. आजोबांच्या विटलेल्या धोतराच्या चिंध्या, कापूस आणि लाल औषधाची बाटली. आयोडीन झोंबायचं, म्हणून लाल औषधालाच पसंती. त्याने जखम बरी होवो न होवो, गुडघा शूरवीरासारखा दिसायचा. मैदानावरच लागलं तर कडेला उगवलेला दगडीपाला चुरगळून त्याचा रस पिळायचा. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र फक्त गंजका खिळा लागला तरच, असा घरचा नियम. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि आमच्या मैदानावर सुट्टीच्या दिवशी गावची गुरं चरायची, हे दोन मुद्दे कुणी जोडून पाहिले नव्हते.

हत्यारं तर आमच्या दप्तरातच असत. पेन्सिलीला टोक करायला अर्धं ब्लेड, कागदात गुंडाळून कंपासपेटीत ठेवलेलं. शेजारी कर्कटक. पुढच्या बाकावरचा मुलगा बसायच्या बेतात असताना ते उभं धरणं ही त्या काळातली विनोदबुद्धी. ताईच्या तळहातावर पेन्सिलीचं टोक रुतून मोडलं, त्याचा निळसर ठिपका तिच्या साठीतही तिथेच आहे. ती तो नातवंडांना कौतुकाने दाखवते.

या सगळ्यात मुलांना लागू नये म्हणून खरोखर झटणारा माणूस एकच होता, आणि त्याचं नाव कुठल्याही बक्षीस समारंभात घेतलं गेलं नाही. आमचे शिपाईमामा. पाण्याच्या टाकीखाली शहाबादी फरशी होती. मधल्या सुट्टीत नळाशी झुंबड उडे, पाणी सांडे आणि पावसाळ्यात त्या फरशीवर हिरवंगार शेवाळ धरे. मामा घंटेच्या आधी येऊन, धोतर गुडघ्यावर खोचून, नारळाच्या काथ्याने ती फरशी घासत. वर चुलीतली राख टाकत आणि पायाचा अंगठा दाबून घसरतंय का ते बघत. मग आम्हाला ओरडत, "रांग धरा रे, नाहीतर नळ बंद करतो!" ते बरेच दिवस रजेवर होते तेव्हा टाकीपाशी धाकट्याचा पुढचा दात पडला. दुधाचा नव्हता. घरी अर्थातच धपाटा, मग हळद.

मल्लखांबाची गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. एरंडेल चोळलेला तो गुळगुळीत खांब माणसापेक्षा पुष्कळ उंच, आणि खाली माती. ती माती खोदून भुसभुशीत केलेली हवी. जुन्या तालमीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शाळेत मात्र कुदळ कुणी मारायची यावर कुणाचंच एकमत नव्हतं, आणि उन्हाने ती माती फरशीसारखी झाली होती. आमचा चुलतभाऊ उडीत चुकला आणि कोपरावर आला. ज्या गावात डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये दवाखाना काढला, जिथे पार कर्नाटकातून माणसं बरी व्हायला येत, त्या गावात आम्ही त्याला हाडवैद्याकडे नेलं. कारण तो ओळखीचा. बांबूच्या कामट्या, वर घट्ट पट्टी. हाड वाकडं जुळलं. पुढे पोलीस भरतीत धावण्यात पहिला आला, पण हात सरळ होईना म्हणून त्याला बाहेर काढलं.

आमच्या घरच्या ग्रुपवर अधूनमधून ती पोस्ट येते. आमच्या वेळी हेल्मेट नव्हतं, रबरी गाद्या नव्हत्या, तरी आम्ही कसे कणखर निघालो! खाली अंगठ्यांची रांग लागते. तो चुलतभाऊ अंगठा देत नाही. मलाही ती पोस्ट आवडत नाही. धडधाकट राहिलेल्यांनीच ती लिहायची असते, हा तिच्यातला लबाडपणा आहे.

शाळांमधला बदल आपोआप झाला नाही, मुलं गेल्यावर झाला. 16 जुलै 2004 ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग गवती छपरापर्यंत पोहोचली आणि 94 मुलं गेली. त्यानंतर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शाळांना अग्निसुरक्षा सक्तीची केली. त्याच वर्षीच्या शिक्षण हक्क कायद्याने मारण्यावर बंदी आणली. महाराष्ट्रात 2011 मध्ये स्कूलबसचे वेगळे नियम आले. तरी ऑगस्ट 2017 मध्ये नगरजवळच्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळून मुलं दगावलीच. कागद येतो, गवंडी येत नाही.

भाचीच्या मुलाच्या शाळेतून परवा फोन आला, "खेळताना खरचटलंय, धुऊन औषध लावलंय, घाबरू नका." भाची धावतपळत गेली. मुलाला काय झालं हे विचारून झाल्यावर तिने कुठे पडला ते बघायला मागितलं. झोपाळ्याखालची रबरी गादी सरकलेली होती. तिने तिथेच उभं राहून ती बसवून घेतली. आमच्या घराण्यात धपाट्याऐवजी जागा बघायला गेलेली ही पहिलीच बाई, आणि ग्रुपवर तिला "फार लाडावते" म्हणणारे आमचेच निघाले!

सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. बऱ्याच ठिकाणी ती फक्त सह्यांपुरती भरते. तुमच्या मुलांच्या शाळेतली बैठक केव्हा आहे ते विचारा. जा, आणि मार्कांचा विषय निघायच्या आत जिन्याचा कठडा, नळाखालची फरशी, मैदानातले खिळे आणि छताची गळती इतिवृत्तात लिहून घ्या. काम कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, तेही त्यातच लिहायला लावा.