सीमेपलीकडचे मिनिट

आपल्या भागातील माणसाला सीमा या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. ती नकाशावर असते, एसटीच्या पाटीवर असते, शाळेच्या माध्यमात आणि जमिनीच्या उताऱ्याच्या भाषेत असते. या सीमेविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. परंतु याच सीमेचे आणखी एक रूप होते, जे आपण कित्येक वर्षे मिनिटामिनिटाला रोख पैसे मोजून ओलांडत होतो. ते रूप दूरध्वनीच्या बिलात दिसे. आता ते नाहीसे झाले आहे, आणि ते कसे नाहीसे झाले, त्याच्या जागी काय आले, हे एकदा नीट मांडून ठेवावे असे मनात आहे.

नंदगड हे खानापूर तालुक्यातील, सह्याद्रीच्या रानाच्या कडेला वसलेले जुने पेठेचे गाव. संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये येथेच फाशी दिले गेले, म्हणून बाहेरचे लोक या गावाला ओळखतात. आम्हां रहिवाशांना ते ओळखीचे आहे ते घाटाखालच्या व्यापाराचे आणि चहूकडे पसरलेल्या सोयरिकीचे गाव म्हणून. येथल्या लेकी चंदगडला, गडहिंग्लजला, सावंतवाडीला, गोव्यातील सत्तरीला दिल्या गेल्या आणि तिकडच्या सुना येथे आल्या. माणसांनी ही नाती जोडली तेव्हा कुणी नकाशा पुढे घेऊन बसले नव्हते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. ‘चंदगड वगळून’ या दोन शब्दांनी माझी थोरली आत्या एका राज्यात राहिली आणि तिचे माहेर दुसऱ्या राज्यात गेले. बाजाराला मात्र ती पूर्वीप्रमाणेच बेळगावला येत राहिली, कारण चंदगडकराला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ.

त्या काळी दूरध्वनी हा प्रश्नच नव्हता, कारण तो घरात नव्हता. निरोप पत्राने जाई आणि तातडीचा असल्यास तारेने. ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसणे हे सधनांचे किंवा संकटातल्यांचे काम. या चित्रात पालट झाला त्याचा एक दुवा आपल्या जिल्ह्यात आहे. खेड्यांसाठी सी-डॉट या सरकारी संस्थेने जे लहान, १२८ जोडण्यांचे स्वयंचलित एक्स्चेंज तयार केले, त्यातील पहिले जुलै १९८६ मध्ये कित्तूर येथे सुरू झाले. राणी चन्नम्माच्या कित्तूरला हा मान मिळाला, हे जिल्ह्याबाहेर फार थोड्यांना ठाऊक असते. धूळ आणि उष्मा सोसणारे, वातानुकूलित खोलीवाचून चालणारे हे यंत्र पुढे देशभरच्या खेड्यांत गेले. त्याच्या मागोमाग पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याच्या नंबरापुढे ‘पी. पी.’ छापले जाऊ लागले. रात्री अकरानंतर पाव दर लागे, म्हणून त्या वेळी बूथपुढे रांग लागे आणि काचेआडच्या यंत्रावर लाल आकडे पळताना पाहत माणूस आपले सुखदुःख आवरते घेई.

एसटीडीच्या कोड क्रमांकांना भूगोल कळत होता असे म्हणावे लागेल. बेळगावचा ०८३१ आणि लगेच पुढचा ०८३२ गोव्याचा. ज्यांनी हे क्रमांक लावले त्यांच्या लेखी बेळगाव आणि गोवा हे शेजारी होते. मोबाइल आला आणि हा शेजार मोडला. खासगी कंपन्यांना परवाने देताना देशाची सर्कले पाडली गेली, ती बहुतांशी राज्यांच्या रेषांवरून. कर्नाटक हे एक सर्कल झाले. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे सर्कल झाले. १९५६ साली ज्या रेषेने चंदगड वेगळे काढले, तीच रेषा आता हवेतून जाणाऱ्या आवाजालाही लागू झाली. नंदगडहून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या बिदरला बोलणे लोकल ठरू लागले आणि आत्याच्या गावी बोलणे एसटीडी.

देशातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाले. त्यानंतरची कित्येक वर्षे फोन करणाऱ्याप्रमाणे तो घेणाऱ्यालाही पैसे पडत. येणारा फोन फुकट झाला तो मे २००३ मध्ये. पण सीमाभागात या सवलतीला एक पुरवणी होती. आपला नंबर आपल्या सर्कलमध्ये असेल तरच येणारा फोन फुकट. निपाणी सोडून दूधगंगेचा पूल ओलांडला आणि कागलच्या बाजूचा टॉवर लागला, की खिशातला फोन रोमिंगमध्ये जाई. मग येणाऱ्या फोनलाही मिनिटाचा आकार. २००७ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने त्यावर मर्यादा घातली, तीही मिनिटाला १ रुपया ७५ पैसे होती. रोज कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या निपाणीकराला ही रक्कम किरकोळ नव्हती. सीमेलगतच्या गावांत तर माणूस जागचा हलत नसे आणि फोन मात्र पलीकडचा टॉवर पकडून परगावी जाई.

यावर आपल्या लोकांनी उपाय शोधले. एक कर्नाटकाचे आणि एक महाराष्ट्राचे, अशी दोन सिमकार्डे बाळगण्याची रीत पडली. कोल्हापूरला निघालेला माणूस एसटीत बसल्या बसल्या फोनचे मागचे झाकण काढून कार्ड बदलताना दिसे. दुसरा उपाय मिस्ड कॉल. आमच्या घरात एक रिंग म्हणजे सुखरूप पोहोचलो, दोन म्हणजे तुम्ही फोन करा, आणि तिसऱ्या रिंगेलाही फोन कापला नाही तर उचलायचा, कारण काहीतरी गंभीर आहे, असा ठराव होता. आत्या शेवटपर्यंत या शिस्तीत राहिली. माहेरी फोन लावला की ती पहिल्या वाक्यात प्रकृती, दुसऱ्यात पाऊस आणि तिसऱ्यात पिके उरकून ‘ठेवते, मीटर पडतंय’ म्हणे. आयुष्यभर सविस्तर पत्रे लिहिणारी बाई फोनवर इतकी तुटक का बोलते, असे नव्या सुनांना वाटे. ती तुटक नव्हती. ती सीमेपलीकडचे मिनिट वापरत होती.

ही भिंत राजकारणाने पाडली नाही, ती चढाओढीने पाडली. मार्च २००६ मध्ये बीएसएनएलने देशात कोठेही एका रुपयात एक मिनिट अशी योजना आणली. जून २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा हिशेब सुरू केला आणि बाकीच्यांना मागोमाग यावे लागले. त्या सुमारास एकेका सर्कलमध्ये दहाहून अधिक कंपन्या होत्या. पेठेतल्या पानपट्टीवरही दहा रुपयांचे रिचार्ज मिळे. परवान्यांच्या वाटपात गैरप्रकार झाल्याचे उघड होऊन फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, हीही त्याच चढाओढीची दुसरी बाजू. कंपनी बदलून नंबर तोच ठेवण्याची सोय जानेवारी २०११ मध्ये देशभर झाली, पण ती सर्कलच्या आत. सर्कल ओलांडून नंबर नेण्याची मुभा जुलै २०१५ मध्ये मिळाली. म्हणजे तोवर चंदगडला दिलेल्या लेकीला आडनावाबरोबर फोन नंबरही माहेरी ठेवून जावे लागे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली. तिने बोलण्याचे वेगळे पैसे घेणेच सोडले आणि रोमिंगचा आकारही. एप्रिल २०१७ पासून एअरटेलनेही देशांतर्गत रोमिंगचा आकार काढून टाकला. हळूहळू सर्वांच्याच बाबतीत बिलातली सीमा पुसली गेली. दूधगंगेचा पूल ओलांडताना आता फोनला काही कळत नाही. आयोग, अहवाल आणि न्यायालयातील तारखा यांतून जे झाले नाही ते एवढ्यापुरते का होईना बाजाराने करून दाखवले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

मात्र ज्या चढाओढीने हे घडवले ती स्वतः फार दिवस टिकली नाही. कोणी दुकान बंद केले, कोणी दुसऱ्यात विलीन झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आज तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल एवढेच मैदानात आहेत. त्यानंतर डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४ अशा तीन मोठ्या दरवाढी झाल्या. कंपन्यांचीही बाजू आहे. २०१० च्या एकट्या थ्री-जी लिलावात सरकारने ६७ हजार कोटींहून अधिक रुपये घेतले. महसुलातील वाट्याच्या वादात ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपन्यांच्या विरुद्ध गेला आणि थकबाकीचा मोठा बोजा त्यांच्यावर पडला. फुकट बोलणे कुणाच्या तरी खर्चानेच चालले होते. शिवाय जो दिवसभर इंटरनेट वापरतो त्याला आजचा दर जगाच्या तुलनेत स्वस्तच पडतो.

प्रश्न आहे तो जो इंटरनेट वापरतच नाही त्याचा. आमच्या नंदगडच्या जुन्या घरात काकू एकट्या राहतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्याजवळ बटणांचा साधा फोन आहे. त्या स्वतःहून क्वचितच फोन लावतात. पुण्याच्या मुलाचा फोन यावा, गॅसचा आणि बँकेचा संदेश यावा, इतकाच त्यांचा उपयोग. २००५ च्या अखेरीस ९९९ रुपयांत ‘आजीवन’ वैधतेच्या योजना निघाल्या, तेव्हा काकांनी हौसेने त्यांना ते कार्ड घेऊन दिले होते. ‘आजीवन’ म्हणजे ग्राहकाचे जीवन नव्हे, कंपनीचा परवाना असेतोवर, असा त्याचा अर्थ होता. नोव्हेंबर २०१८ पासून तेही संपले. काही कंपन्यांनी दर २८ दिवसांस किमान ३५ रुपयांचे रिचार्ज सक्तीचे केले. ती रक्कम पायरी पायरीने चढत जुलै २०२४ नंतर १९९ रुपयांपर्यंत गेली. महिना २८ दिवसांचा धरला की वर्षात तेरा महिने होतात. म्हणजे वर्षाला २५८७ रुपये, आणि त्यात काकू कधीही न उघडणारे इंटरनेटही आले.

एका पावसाळ्यात मुलाने आठ दिवस फोन लावला, पण तो लागेना. रस्त्यात झाडे पडलेली, वीज गेलेली, या बातम्या त्याने वाचलेल्या. अखेर त्याने शेजाऱ्यांना गाठले. काकू खुशाल होत्या. फोन चालू होता, रेंज होती, बॅटरी भरलेली होती. मुदत संपल्यामुळे येणारे फोन बंद झाले होते इतकेच. मुदतीचा संदेश आला होता, पण तो इंग्रजीत होता. त्या आठ दिवसांत काकूंना वाटत होते की मुलगा रागावला आहे. कंपनी कोणती हे सांगण्याचे कारण नाही. नियम साऱ्यांचे सारखेच आहेत.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना बंधन घातले की इंटरनेटशिवाय, केवळ बोलणे आणि एसएमएस यांचे पॅकही ठेवले पाहिजे, आणि अशा विशेष पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. जानेवारी २०२५ मध्ये असे पॅक आले. एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ रुपयांना आणि वर्षाचा १८४९ रुपयांना होता, तर जिओचा ८४ दिवसांचा ४४८ आणि ३३६ दिवसांचा १७४८ रुपयांना. म्हणजे दिवसाला सुमारे सात रुपयांऐवजी पाच. सवलत आहे, पण फार मोठी नाही, आणि वर्षाची रक्कम एकदम काढून देणे शेतमजुरी करणाऱ्या बाईला सोपे नाही. भीमगडच्या रानातील वाड्यांवर तर रेंजसाठी अजून उंच जागा शोधावी लागते. तेथे कंपन्यांची चढाओढ कधी पोहोचलीच नाही. २८ दिवसांचा आकार मात्र त्यांनाही बेळगावच्या पेठेइतकाच.

दोनचार गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. आपल्या मंडळाच्या बहुतेक घरांत काकूंसारखे एक तरी माणूस आहे. दुकानदार सहसा महिन्याचा इंटरनेटचाच पॅक पुढे करतो, म्हणून केवळ बोलण्याचा पॅक नाव घेऊन मागावा. मुदतीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. दर कमी करणे आपल्या हाती नसले तरी संदेश ग्राहकाच्या भाषेत यावेत आणि मुदत संपल्यावरही येणारा फोन काही काळ चालू राहावा, ही मागणी ट्रायकडे करता येते. तेथे दरांविषयीच्या प्रस्तावांवर ग्राहकांची मते मागवली जातात, आणि ती पाठवणाऱ्यांत खेड्यातले लोक थोडे असतात.

जुनी सीमा निदान दिसत होती. पूल ओलांडताना सर्वांना ती सारखीच लागे आणि तिच्याविरुद्ध बोलणारे पुष्कळ होते. आताची रेषा घराघरांतून गेली आहे. एका खोलीत नातवाच्या फोनवर दिवसभर चित्रे हलतात, तर दुसऱ्या खोलीत आजीच्या फोनची मुदत संपलेली असते. आज आत्या असती तर तिला पलीकडून हवे तितके बोलता आले असते. काकूंचे आता पूर्ण वर्षाचे रिचार्ज केले आहे. मुलाचा फोन रात्री आठला येतो आणि हल्ली त्या त्याला पावसाविषयी सविस्तर सांगतात.