पहिल्या वाढदिवसाचं सामान

खेड, चिपळूण, दापोली, श्रीवर्धन या पट्ट्यात सत्तर-ऐंशीच्या दशकांत जन्मलेल्या कितीतरी मुलांचा पहिला वाढदिवस वडिलांशिवाय झाला. वडील दुबईला, शारजाला नाहीतर अबुधाबीला. मुंबईहून आखातात जाणारी ‘द्वारका’ बोट 1982 पर्यंत चालू होती. तिच्यातून किंवा पुढे विमानातून गेलेला माणूस एकदा गेला की दोन-दोन वर्षं तोंड दाखवत नसे. रजा मिळत नसे आणि बायकामुलांना बोलावून घेण्याइतका पगारही नसे. म्हणून वाढदिवसाला बाप जात नसे, त्याचं सामान जात असे. तेही टपालाने नाही, गावाकडे निघालेल्या कुणा ओळखीच्या माणसाबरोबर.

त्या सामानाची खरेदी कशी होत असे, हे मी दुबईत आमच्या इमारतीत राहणाऱ्या खेडकडच्या एका चाचांकडून ऐकलं. ते इथे गॅरेजमध्ये होते. मुलगी झाल्याचं त्यांना पत्रानेच कळलं. पुढे कधीतरी बायकोने पाकिटात वहीचा एक कागद घालून पाठवला. त्यावर बाळाचा पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवलेली आणि कागदाच्या घडीत उंचीच्या मापाचा पांढरा दोरा. तो कागद आणि दोरा घेऊन चाचा शुक्रवारी देऱ्याच्या बाजारात गेले. दुकानदाराने बुटाचा तळ कागदावर ठेवून पाहिला. बूट बरोबर बसत होता. चाचांनी तो बाजूला ठेवला आणि त्याहून मोठा मागितला. ‘पत्र यायला इतके दिवस, माणूस निघायला आणखी महिना, तोवर पाय काय थांबतो होय? अंगठ्याएवढं मोठंच घ्यायचं,’ असं त्यांनी मला सांगितलं होतं. बुटांबरोबर जाळीचा फ्रॉक, आडवी केली की डोळे मिटणारी बाहुली, निडोच्या दूध पावडरीचा डबा, टँग आणि बायकोसाठी अत्तर. खोका नायलॉनच्या दोरीने आवळायचा आणि चारही बाजूंनी मार्करने नाव-गाव लिहायचं. निडोचा डबा रिकामा झाल्यावर त्यात तांदूळ भरले जात. तसले डबे कोकणातल्या घरांत मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

चाचांच्याही आधीच्या पिढीला दुबईच्या दुकानात रुपयेच मोजावे लागत. भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा काढलेला ‘गल्फ रुपी’ 1959 ते 1966 इथे चालत होता. दिरहम आला 1973 मध्ये.

मी इथे आले ती नव्वदीच्या अखेरीला. तोवर बर दुबई, करामा, शारजा इथे मराठी बिऱ्हाडं चांगलीच रुजली होती आणि वाढदिवसाचं बाळ आपल्याच गाद्यांवर रांगत होतं. त्या काळी पहिल्या वाढदिवसाला काय द्यायचं हा प्रश्नच पडत नसे. सोनं! अब्रा म्हणजे लाकडी होडीत बसून खाडी ओलांडायची, पलीकडे गोल्ड सूकमध्ये शिरायचं आणि भाव करायचा तो फक्त घडणावळीचा, कारण सोन्याचा दर सगळीकडे एकच. 1999 च्या सुमारास 24 कॅरेट सोनं ग्रॅमला 35 दिरहमच्या आसपास होतं. पाच ग्रॅमच्या बिंदल्यांची जोडी दोनशे दिरहमच्या आत यायची आणि तीन-चार कुटुंबांनी मिळून ती घेतली तर कुणालाच जड वाटत नसे. नाहीतर काळ्या मण्यांत ओवलेल्या मनगट्या, कमरेची चांदीची साखळी, अगदीच जवळचं नातं असेल तर वाळे. वाटी-चमचा आजोळहून येई, तो मामाचा मान. औक्षण व्हायचं, बाळाच्या हातात बिंदल्या चढवायच्या, फोटो काढायचा आणि रात्री त्या उतरवून कपाटात ठेवायच्या. बहुतेक बिंदल्या वर्षभरात हातात शिरेनाशा होत. तरी त्या मोडल्या जात नसत. पाठच्या भावंडासाठी, नाहीतर नणंदेच्या बाळासाठी त्या पुन्हा बाहेर निघत.

2025 च्या ऑक्टोबरात दुबईत 24 कॅरेटचा दर ग्रॅमला 500 दिरहमच्या वर गेला. त्याच पाच ग्रॅमच्या बिंदल्या घडणावळ आणि 5 टक्के व्हॅट धरून अडीच हजारांच्या घरात पोचल्या. हा व्हॅट 2018 पासूनचा. पगार काही चौदा-पंधरा पटींनी वाढलेले नाहीत. तेव्हा मित्रमंडळींनी सोनं देण्याची चाल मोडली, आणि मोडली ते बरंच झालं असं मला वाटतं. अर्ध्या ग्रॅमचं नाणं प्लास्टिकच्या कार्डात चिकटवून देण्यात दागिन्याचा आनंद नाही आणि बाळाच्या आईला परतफेडीची काळजी मात्र लागते.

सोन्याच्या जागी आता खेळणी आली आहेत आणि ती फार आली आहेत. गेल्या हिवाळ्यात मी एका पहिल्या वाढदिवसाला गेले होते. भेटींचा ढीग सोफ्याच्या वर गेला होता. बोलणारा कुत्रा, इंग्रजी गाणी म्हणणारं टेबल, दिवे लागणारी गाडी. पैकी दोन खोके अगदी एकसारखे होते. पालकांनी आमंत्रणाबरोबर हव्या असलेल्या वस्तूंची यादी पाठवली होती. पूर्वी मला ते आवडलं नसतं, आता पटतं. दोन खोल्यांच्या घरात तिसरा बोलणारा कुत्रा कुठे ठेवणार? या खेळण्यांबद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे. वर्षाचं मूल हाती येईल ते तोंडात घालतं. यांतल्या काहींत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली तर काही तासांत अन्ननलिका जाळते. खोक्यावर तीन वर्षांवरील मुलांसाठी असं छापलेलं असतं, तरी लोक ते वर्षाच्या बाळाला आणतात. घेताना बॅटरीच्या झाकणाला स्क्रू आहे का, एवढं तरी पाहा.

आणि तो चाकांचा गोल वॉकर आणू नका, ज्यात बाळाला बसवतात. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपला सावंतवाडीचा लाकडी पांगुळगाडा केव्हाही सरस, कारण त्यात बाळ बसत नाही, मागे उभं राहून स्वतःच्या पायांनी ढकलतं. फरशीवर तो जरा घसरतो, खाली गालिचा हवा.

एक गोष्ट मात्र पार उलटली आहे. पूर्वी सामान इथून तिकडे जाई, आता बाळ इथे आहे आणि सामान तिकडून येतं. पुण्यात 2010 मध्ये सुरू झालेलं ‘फर्स्टक्राय’ आता इथल्या बाळांनाही कपडे पुरवतं. पण मी म्हणते ते सामान आजीच्या बॅगेतलं. व्हिजिट व्हिसावर आलेल्या आजी बॅग उघडतात तेव्हा आधी मेतकूट निघतं, मग नाचणीचं सत्त्व, मग मलमलच्या कापडात गुंडाळलेली चांदीची वाटी आणि तळाशी गोधडी. माझ्या शेजारणीच्या सासूबाईंनी आणलेली गोधडी मी हातात घेऊन पाहिली. वरचा थर त्यांच्या आईच्या नऊवारीचा, धुऊन धुऊन मऊ झालेला, आत जुन्या धोतराचे दोन थर. टाके कडेपासून सुरू होऊन आत आत येत मध्यावर संपलेले. एका कोपऱ्यात टाका वाकडा गेला होता. तिथे त्यांची नजर कमी पडली, म्हणून तेवढा भाग त्यांनी दुपारच्या उन्हात ओसरीवर बसून पुरा केला होता. एसीच्या थंडीत ती गोधडी रोज वापरात आहे. सोफ्यावरचा ढीग केव्हाच कपाटात गेला.

इथे पहिल्या वाढदिवसाच्या आत आईबापांनी आणखी एक काम उरकायचं असतं. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारताचं नागरिकत्व हवं तर वर्षाच्या आत वकिलातीत जन्माची नोंद व्हावी लागते. भेटीच्या गडबडीत ते राहू देऊ नये.

ज्यांना अजून बाळ इथे आणता येत नाही, तेही आहेत. कुटुंब आणायला 4000 दिरहम पगार लागतो, किंवा 3000 आणि राहायची सोय. कामगारांच्या वस्त्यांतल्या अनेकांना तो मिळत नाही. त्यांची मुलं अजूनही खेडला, माणगावला वाढतात. फरक इतकाच की पायाचा कागद पाठवावा लागत नाही. बाप मोबाइलवरून बूट मागवतो, ते गावच्या दारात पोचतात, आणि तो बॉटिम या अॅपवर खोका उघडताना पाहतो. इथे व्हॉट्सअॅपवरून बोलता येत नाही, म्हणून बॉटिम. मापाचा बूट, वाढदिवसाच्या दिवशीच, हे चाचांच्या नशिबी नव्हतं. बाळाला उचलून घेणं मात्र यांच्याही नशिबी नाही.

तेव्हा दुबईत तुम्हाला पहिल्या वाढदिवसाचं बोलावणं आलं, तर बाळाच्या आईला आधी विचारा. एक बऱ्यापैकी मोठा कपडा, जाड पानांचं एक मराठी चित्रपुस्तक, एवढं पुष्कळ झालं. गावाकडच्या आज्यांना माझं सांगणं आहे, दुबईत सगळं मिळतं असं मुलगा कितीही म्हणो, गोधडी शिवाच. बॅगेत ती दोन किलोच्या वर भरत नाही.