पाऊणपट

पाऊणकी मला शाळेत कुणी शिकवली नाही. माझ्या वेळेपर्यंत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी ही सगळी मंडळी शाळेतून निवृत्त झाली होती. मला ती आजोबांनी शिकवली, दापोली तालुक्यातल्या कर्द्याच्या किनाऱ्यावर, आणि मी शिकलो ती माशांच्या लोभानं. तिथीला पाऊणनं गुणायचं, उत्तर येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. आजोळच्या ओटीवर दाराआड कालनिर्णय टांगलेलं असायचं. आजोबा त्यातली तिथी बघत आणि माझ्याकडे वळत.

"चवथ आज. चार पाऊण?"

मी बोटं मोजत बसलो की ते स्वतःच सांगत, "तीन," आणि वर पुस्ती जोडत, "पाऊणकी येत नाही, आणि खायला मुडदुशी पायजे!"

तीनची भरती म्हणजे दीडला घर सोडायचं. पाणी चढत असताना मासा काठाकडे येतो. लाटांनी वाळू उकरली जाते, त्यातले किडे-कोलंब्या उघड्या पडतात आणि त्यांच्या मागावर तो गुडघाभर पाण्यापर्यंत येऊन ठेपतो. माणसं मासा खोल पाण्यात शोधतात आणि तो त्यांच्या पायाशी चरत असतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं. आजोबांचं सामान एका पिशवीत मावायचं. काचेच्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस, दोन गऱ्या, वजनाला शिशाचा गोळा किंवा तो हरवला असला तर गंजका नट, आणि करवंटीत सोललेली कोलंबी. गरी डोक्याभोवती गरगर फिरवून ते सोडून देत. बाटलीवरून तंगूस सर्रकन सुटत जाई आणि पहिल्या फुटणाऱ्या लाटेच्या पलीकडे कुठेतरी गोळा बुडे. मग तंगूस तर्जनीवर घ्यायची आणि उभं राहायचं.

गरवणं म्हणजे बहुतेक हे उभं राहणंच. लाट तंगूस ओढते, वारा ओढतो, वाहून आलेलं शेवाळ ओढतं, आणि या सगळ्या ओढींतून माशाची ओढ बोटाला वेगळी कळावी लागते. मुडदुशी टकटक करते, दारावर संकोचून थाप मारणाऱ्या पाहुण्यासारखी. शिंगाळा एकदम गरीसकट निघतो. एकदा तो गरीतून सोडवताना त्याचा काटा माझ्या तळव्यात घुसला. कोपरापर्यंत ठणका गेला आणि मी किनाऱ्यावर लोळलो. आजीनं सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरून ठेवला आणि अर्ध्या तासात वेदना उतरली. त्या काट्याचं विष उष्णतेनं निकामी होतं, हे मी पुढे वाचलं. तिला त्याचं कारण कधी लागलं नाही. त्या रात्री शिंगाळ्याचं तिखलं मी सूड म्हणून दोनदा वाढून घेतलं.

नोकरीला मुंबईत आलो तेव्हा वाटलं, पाऊणकी संपली. पण वरळीच्या खडकांवर रविवारी माणसं बसलेली दिसली. गिरणीतले, गोदीतले, वांद्र्याहून बस बदलून येणारे. त्यांच्याकडे रॉड होते, रीलं होती, आमिषाऐवजी चमचमते नकली मासे होते. आखातातून परतलेल्या एका मित्राकडून मीही एक फायबरचा रॉड घेतला. बाटलीनं जितकं लांब जायचं त्याच्या दुप्पट गरी जायला लागली, आणि मासे तितकेच मिळत राहिले. मुंबईचा समुद्र कर्द्यापेक्षा जास्त चढतो-उतरतो. उधाणाला भरती-ओहोटीतलं अंतर पाच मीटरच्या आसपास जातं. अमावास्येला, पौर्णिमेला दुपारच्या सुमारास हाजी अलीची वाट पाण्याखाली जायची आणि मी बसच्या खिडकीतून मनात म्हणायचो, पंधरा पाऊण सव्वाअकरा, थोडं मागेपुढे. पलीकडे अडकलेले भाविक कठड्यावर शांतपणे बसलेले असायचे.

याच काळात हिशेबातली खोट लक्षात आली. पौर्णिमेची भरती सव्वाअकराला, दुसऱ्या दिवशी प्रतिपदेची पाऊण वाजता. एका दिवसात दीड तास? चंद्र तर रोज सरासरी पन्नासेक मिनिटंच उशिरा येतो. कागदावर मांडून पाहिलं. पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणजे तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊणकी धरते पंचेचाळीस. रोज तीन मिनिटं खिशातून गळतात आणि पक्ष संपताना पाऊण तासाची तूट एकाच उडीत भरून निघते. आजोबांना हे पत्रानं कळवलं. उत्तर आलं ते कोकमाच्या डब्यासोबत, तोंडी: "त्याला सांगा, मी दीड तास आधी जातो."

रॉड पुढे माळ्यावर गेला. संसार, बढती, गुडघा. आणि मग ती गाडी.

मुलानं चारही चाकं ओढणारी गाडी घेतली आणि डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही कर्द्याला गेलो. ओहोटीच्या वेळी तिथली ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी टणक असते. कणाकणांमधलं थोडंसं पाणी तिला धरून ठेवतं. बैलगाड्या किनाऱ्यावरून आम्हीही हाकल्या आहेत, जवळच हर्णैला तर होड्यांतली मासळी बैलगाडीनं काठावर येते. तेव्हा मुलानं गाडी खाली उतरवली तर मी अडवलं नाही. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली. काच खाली, खारा वारा, ताशी साठ, बाजूनं उडणारं पाणी. साडेचार वाजले होते. कुणीतरी फोटोसाठी थांबा म्हणालं, आणि गाडी थांबली ती थांबलीच.

उभ्या चाकाखाली लाट आली की वाळू पातळ होते. चाक फिरवलं की ते स्वतःची विहीर खणतं. पाणी चढतं तेही सारख्या वेगानं नाही. ओहोटी उलटल्यावर पहिल्या तासात येतं जेमतेम बारावा हिस्सा, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून तब्बल अर्धं. सहाला सूर्य बुडाला तेव्हा आम्ही बरोबर त्या तासांत होतो. गावातली पोरं दोर, फळ्या आणि ट्रॅक्टर घेऊन आली. चाकांतली हवा कमी करा, असं त्यांनीच सांगितलं. एक म्हातारे गृहस्थ नुसते उभे राहून बघत होते.

"आज बारस," ते म्हणाले. "नवाची भरती. ठावं नव्हतं?"

मला ठाऊक होतं. बारा पाऊण नऊ. म्हणजे तीनला ओहोटी, पाच ते सातला पाणी धावणार. इतक्या वर्षांत एकदाच या हिशेबावर जीव अवलंबून होता आणि त्या दिवशी मी तो केला नाही, कारण मी गाडीत होतो. पायांनी चालणाऱ्याला भरती विचारावी लागते. खाली एवढं इंजिन असल्यावर विचारावंसं वाटत नाही.

सकाळी जाऊन पाहिलं. भरतीनं खालचे चर पुसले होते, पण वरच्या कोरड्या वाळूत, सुरूंच्या जवळ, आमच्या चाकांचे दोन खोल चर तसेच होते. जवळच्या आंजर्ल्याला हिवाळ्यात कासविणी अशाच कोरड्या वाळूत अंडी घालून जातात. पन्नासेक दिवसांनी बोटभर पिल्लं बाहेर पडतात आणि समुद्राकडे सरपटतात. त्यांना असा चर म्हणजे दरी. मी पायानं चर बुजवत तास घालवला. मुलगा आला, काही न बोलता दुसरा चर बुजवायला लागला.

यंदा नात आली होती. माळ्यावरचा रॉड काढला, पण रील खाऱ्या हवेनं पार धरलं होतं. शेवटी बाटली शोधली. जुनी तंगूस ठिसूळ झाली होती, ती कापून कचऱ्यात टाकली. किनाऱ्यावर ती कुजत नाही, कावळ्यांच्या पायांत अडकते. नवी आणली.

"आज सप्तमी," मी म्हटलं. "सव्वापाचला भरती."

तिनं फोन पाहिला. "चार बावन्न. तेवीस मिनिटं चुकलं, आजोबा."

आम्ही साडेतीनलाच पोचलो होतो. गरी टाकली, तंगूस तर्जनीवर घेतली. ती बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली.

"सात गुणिले काय केलंत तुम्ही?"

"पाऊण."

"पाऊण म्हणजे?"

मी हात तिच्यासमोर धरला. अंगठा मुडपला. चार बोटं. त्यातलं एक तंगूस धरून समुद्राकडे वाकलेलं.

"हे सोडून मोज," मी म्हटलं.