काचेचं पोट

अण्णा गेल्यावर चार महिने मी सहा फुटी टाकीचं काम घेतलंच नाही. दोन फुटी, तीन फुटी करत राहिलो. मोठं काम आलं की तारीख पुढे ढकलायची. गिऱ्हाइकांना वाटलं, कामाचा रेटा असेल. खरं कारण होतं आडवी पट्टी. तळ, पाठ, बाजू, पुढची काच हे सगळं मी एकटा उभं करू शकतो. पण वरची मधली पट्टी बसवताना समोरच्या टोकाला माणूस लागतोच, आणि ३३ वर्षं त्या टोकाला अण्णाच होते. त्यांनी तिकडून अंगठा दाबला की इकडे माझ्या बोटांना कळायचं, सिलिकॉन कुठवर पसरलंय ते.

आता त्या टोकाला त्यांचा नातू उभा असतो. बावीस वर्षांचा पोरगा, हात चांगला आहे. माझ्या उजव्या अंगठ्यात हल्ली सिलिकॉनच्या गनचा खटका दाबताना कळ येते आणि रेघ मध्येच जाड होते, म्हणून रेघही तोच ओढतो. श्रावणात आम्ही दोघांनी पहिली सहा फुटी टाकी घेतली आणि पट्टीपाशी आलो तेव्हा त्यानं शिकंजा हातात घेऊन विचारलं, "काका, आवळायचं की नाही?"

या एका प्रश्नावर अण्णांचं आणि माझं ३३ वर्षं पटलं नाही.

भिंतीला पोट सुटतं म्हणतात, तसं पाणी भरलं की पुढच्या काचेला सुटतं. पाण्याला टाकीची लांबी-रुंदी कळत नाही, खोली तेवढी कळते. दोन फूट खोलीवर दाब तेवढाच, मग ती टाकी असो की तलाव. सहा फूट लांब, दोन फूट उंच काचेवर काठोकाठ पाण्याचा जोर भरतो सुमारे ३४० किलो. तो सगळ्यात जास्त तळाशी असतो, पण तळाला काच धरलेली असते, दोन्ही बाजूंना धरलेली असते. मोकळी असते ती वरची कड. म्हणून जोर खाली आणि पोट वर, लांबीच्या बरोबर मधोमध. वरच्या कडेला आधार दिला, तर एकूण जोराचा तिसरा हिस्सा तिच्या वाट्याला येतो, म्हणजे ११३ किलोच्या आसपास. त्यातले साठ-सत्तर किलो एकट्या मधल्या पट्टीला पेलावे लागतात. एक माणूस त्या पट्टीला रात्रंदिवस, वर्षानुवर्षं लोंबकळतोय असं समजा.

आता शिकंज्याचं. पट्टी चिकटवण्याआधी पुढची आणि मागची काच शिकंज्यानं एकमेकींकडे जरा आवळली, मिलिमीटर-दीड मिलिमीटर, आणि सिलिकॉन पक्कं झाल्यावर सोडली, तर भरलेल्या टाकीची कड दोऱ्यासारखी सरळ दिसते. मला ती सरळ कड वेड लावते. दिवाणखान्यात शिरलेल्या माणसाची नजर पाण्यावर, माशांवर जाते. माझी त्या कडेवर जाते. अण्णांचं म्हणणं, आवळलेली काच मोकळी व्हायला बघणारच. म्हणजे टाकी कोरडी असतानाच पट्टीचं सिलिकॉन ताणात, आणि पाणी भरलं की त्यावर पाण्याचा ताण. "काचेला तिच्या जागी बसू दे," एवढंच ते म्हणायचे. हिशेबानं त्यांचं बरोबर आहे. पण मग पोट दिसतं. दीड-दोन मिलिमीटरच, पण ज्याला दिसतं त्याला दिसतंच. उलटा उपायही मी करून बघितला होता: टाकी अर्धी भरायची, काचेला थोडं फुगू द्यायचं आणि मग पट्टी बसवायची. पट्टी निवांत राहिली, पोट मात्र कायमचं झालं. सरळ कड आणि निवांत सिलिकॉन या दोन्ही गोष्टी एका टाकीत मला आजवर मिळालेल्या नाहीत.

माझ्या वडिलांना हा प्रश्न पडला नसता. ते लोखंडी अँगलच्या चौकटी वेल्ड करायचे, रेड ऑक्साइडचे दोन हात द्यायचे, खडूची भुकटी बेलतेलात मळून लांबी करायचे आणि काच आतून त्या लांबीवर दाबायचे. पाणी काचेला चौकटीवरच रेटतं, म्हणजे पाणीच टाकी घट्ट करायचं. टाकी महिनाभर कोरडी राहिली तर लांबी सुकून गळायची आणि खारं पाणी तर चौकटच खायचं, हे दोष होतेच. पण चौकट काचेला बाहेरून कवेत घ्यायची. सिलिकॉन आल्यावर काच नुसत्या रबराच्या जिवावर उभी राहिली. कवेतून हातात आली, असं मला नेहमी वाटतं.

आणि आता लोकांना तो हातही नकोसा झालाय. 'रिमलेस' पाहिजे. वर पट्टी नको, मध्ये काही नको, नुसतं पाणी उभं राहिलेलं दिसलं पाहिजे. ही आवड जगभर रुजवण्यात जपानच्या ताकाशी अमानोंचा वाटा फार मोठा, आणि त्या माणसाबद्दल मला अतोनात आदर आहे. २०१५ साली ते गेले, त्याच वर्षी लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी रचलेलं ४० मीटर लांबीचं पाणवनस्पतींचं जंगल उघडलं होतं. पण माझ्याकडे त्यांच्या टाक्यांचे फोटो घेऊन येणारे एक बघत नाहीत. त्यांच्या ९० सेंटीमीटरच्या आणि १२० सेंटीमीटरच्या ठरलेल्या मापाच्या टाक्यांची उंची ४५ सेंटीमीटरच आहे. लांबी वाढवली, उंची वाढवली नाही. आपल्याकडे मात्र तीन फूट उंच पाहिजे, पट्टी नको आणि काच बारा एमएमच. मग काही दुकानदार सांगतात, टफन ग्लास लावू, पाचपट मजबूत. टफन काच तुटायला कठीण, हे खरं. पण तेवढ्याच जाडीची टफन काच साध्या काचेइतकीच वाकते. पोट तेवढंच. आणि फुटली तर साधी काच बहुतेक वेळा तडकते, पाणी वाहतं, माणसाला धावायला वेळ मिळतो. टफन काच क्षणात अख्खीच्या अख्खी खड्यांसारखी सांडते. पोट कमी करायचं तर जाडी वाढवा. दहाची बारा केली की काच पावणेदोन पटीच्या जवळपास ताठ होते. पण जाड काचेचे पैसे दिसत नाहीत, 'टफन' हा शब्द दिसतो.

मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात वडील मला लहानपणी न्यायचे. ते १९५१ सालचं. सगळी पोरं काचेला नाक लावून कासवं बघायची, मी काच भिंतीत कशी शिरते ते बघायचो. २०१५मध्ये नूतनीकरण करून ते उघडलं तेव्हा आत ॲक्रिलिकचा बोगदा होता. अण्णांनी त्यात उभं राहून डोक्यावरून खालपर्यंत हात फिरवला आणि म्हणाले, "ही वेगळी विद्या आहे." जपानच्या ओकिनावात तर २००२पासून साडेबावीस मीटर लांब, ८.२ मीटर उंच ॲक्रिलिकची एक खिडकी उभी आहे, ६० सेंटीमीटर जाड. १६ डिसेंबर २०२२च्या पहाटे बर्लिनच्या हॉटेलातलं ते प्रचंड नळकांडी मत्स्यालय फुटलं, दहा लाख लिटर पाणी रस्त्यावर आलं, तेव्हा अण्णांनी मोबाइलवरचा व्हिडिओ तीनदा बघितला. मी काचेवाल्याच्या फुशारकीनं म्हणालो, ॲक्रिलिक आहे ना. अण्णा बोलले नाहीत. ते का बोलले नाहीत ते मला ठाऊक होतं.

माटुंग्याच्या एका डॉक्टरांची टाकी. त्यांच्याकडे आधी दुसऱ्या एका कारागिराची टाकी होती, मधली पट्टी वीतभर रुंद, पुढच्या-मागच्या काचेच्या वरच्या कडेलगत लावलेल्या कडपट्ट्यांवर चढवून चिकटवलेली. दणकट काम. मी ती बघून हसलो आणि डॉक्टरांसमोर म्हणालो, हे फळीकाम आहे. मग मला माझं काम त्याहून नाजूक करून दाखवणं भाग होतं. मी पट्टी चार इंचीच घेतली. ती कडपट्ट्यांवर चढवली नाही, कारण चढवली की पुढून दोन हिरव्या रेघा दिसतात. पुढच्या आणि मागच्या काचेच्या मध्ये, टोकाला टोक लावून बसवली. वर शिकंज्यानं आवळली. अण्णा म्हणाले, "चढवू या." मी म्हणालो, "तुमची पद्धत जुनी झाली." हे डॉक्टरांच्या देखत म्हणालो.

टोकाला टोक म्हणजे बारा एमएम जाडी गुणिले दहा सेंटीमीटर, बारा चौरस सेंटीमीटर सिलिकॉन. इमारतींच्या काचा लावणारे सिलिकॉनवर वाऱ्याच्या झोताचा ताणही धरतात तो चौरस सेंटीमीटरला जेमतेम दीड किलो, कायमचा तर त्याहून खूपच कमी. म्हणजे फार तर सतरा-अठरा किलोची सोय आणि टांगलेला माणूस सत्तर किलोचा. हे गणित मी नंतर केलं. अण्णांना गणित येत नव्हतं, पट्टी चढवायची एवढं येत होतं.

टाकी तीन वर्षं आरशासारखी उभी राहिली. मी लोकांना ती दाखवायला न्यायचो. मग एका रात्री डॉक्टरांचा फोन आला: 'टक्' असा आवाज झाला आणि पट्टी एका बाजूनं लोंबतेय. आम्ही दोघं टॅक्सीनं गेलो. कडेला दोरा लावला तर पाच मिलिमीटर. अण्णांनी न बोलता नळी टाकून पाणी सोडलं, अर्ध्यावर आल्यावर आम्ही दोन शिकंजे चढवले. मासे बादल्यांत, डॉक्टरांची म्हातारी आई दारात उभी. काही फुटलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, कशामुळे झालं? मी म्हणालो, सिलिकॉनचा लॉट खराब निघाला.

अण्णा तेव्हा ती सुटलेली पट्टी हातात धरून उभे होते. त्यांनी पट्टीच्या टोकावरून अंगठा फिरवला, मग काचेवरच्या जागेवरून फिरवला. दोन्हीकडे रबर होतं. सिलिकॉन खराब असतं, किंवा काच नीट पुसलेली नसती, तर ते एका बाजूनं सोलून सुटलं असतं आणि काच कोरी निघाली असती. हे मधोमध फाटलं होतं. म्हणजे चिकटलं होतं उत्तम, ओझं झेपलं नव्हतं. त्यांना कळलं, त्यांना कळल्याचं मला कळलं, आणि त्यांनी पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली. परत येताना टॅक्सीत त्यांनी विषय काढला नाही. नंतरच्या नऊ वर्षांत काढला नाही. मीही काढला नाही. इस्पितळात शेवटचे चार दिवस मी त्यांच्या उशाशी होतो. तेव्हाही माझ्या ओठांवर ते आलं आणि मी त्यांना विचारलं काय, तर मोसंबीचा रस आणू का.

ती पट्टी गाळ्यात फळीवर अजून तशीच आहे. श्रावणात पोरानं शिकंजा उचलला तेव्हा मी ती काढली, वर्तमानपत्र सोडलं आणि त्याचा अंगठा तिच्या टोकावरून फिरवला. "दोन्हीकडे रबर होतं," मी म्हणालो. "तुझ्या आजोबांना त्याच रात्री कळलं होतं. मी खोटं बोललो होतो." त्यानं पट्टी उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "मग आज चढवायची ना?"

आठ इंची पट्टी घेतली, दोन्ही कडपट्ट्यांवर सात-सात सेंटीमीटर चढवली. शिकंजा लावला नाही. एवढ्या रुंद सांध्यात सिलिकॉन कडेकडून आत हळूहळू पिकतं. गिऱ्हाईक रोज फोन करत होतं, पण वाकून हुंगलं की आंबट वास येत होता. तीन आठवडे आम्ही पाणी घातलं नाही. वास मेला तेव्हा एका रविवारी गाळ्यातच भरली, एकेका बालदीनं, दर सहा इंचांना थांबून.

काठोकाठ झाल्यावर पोरानं दोरा धरला, एक टोक त्यानं, एक मी. दोन मिलिमीटर. तो म्हणाला, "बरं आहे ना काका?" मी हो म्हणालो. तो गेल्यावर दिवा बंद न करता मी बराच वेळ बसून राहिलो. उजेड कडेवरून घसरत होता आणि मधोमध ते दोन मिलिमीटर मला दिसत होते. रात्री दहाला एकट्यानं पुन्हा मोजले, एक टोक चिकटपट्टीनं बाजूच्या काचेला लावून. दोनच होते. सकाळी सहाला आलो, तेव्हाही दोनच.