सातभाईंच्या घरी पावशाचे पोर

परभणी जिल्ह्यात देवगाव फाट्याला एसटीतून उतरलात, की लगेच सेलूची गाडी पकडू नका. मृग लागला असेल तर रानाकडे कान द्या. ‘पेरते व्हा, पेरते व्हा!’ हा पावशा. तुम्हांआम्हांला कामाला लावणारा हा पक्षी स्वतः घरटेसुद्धा बांधत नाही! त्याची मादी सातभाईच्या घरट्यात अंडे घालते. दोघांचीही अंडी निळी, त्यामुळे खपून जाते.

पुढे श्रावणात धुऱ्यावरच्या बाभळीकडे बघा. पट्टेरी शेपटीचे पिल्लू चोच वासून ओरडत असते आणि मातकट सातभाई त्याला अळ्या, नाकतोडे भरवत असतात. एकटी आई नव्हे, थव्यातले सगळेच! त्यांची स्वतःची पिल्ले यात बहुधा मागे पडतात. आफ्रिकेतून पावसाबरोबर येणारा चातकही आपली पोरे यांच्याच गळ्यात बांधतो. लोक सातभाईंना भोळे म्हणतात. मला नाही पटत. एकत्र कुटुंबात भुकेले तोंड कोणाचे, हे कोण विचारतो? धुरा साफ करताना ती बाभळ तेवढी ठेवा; त्या अळ्या पिकातल्याच असतात.

मोठे झाले की पिल्लू थवा सोडते. सातभाईंची कलकल ऐकत वाढलेले ते पोर पुढल्या मृगात कोणी न शिकवता ओरडते, ‘पेरते व्हा!’